ढील देण्याची विद्या

पायांत हवा भरलेल्या टायरांचे स्केट्स, कमरेला हार्नेस आणि वीस-पंचवीस मीटर लांब दोरांच्या टोकाला पाच चौरस मीटर कापडाचा पतंग. ओहोटीने उघडी पडलेली घट्ट, ओली वाळू. स्केटर वाऱ्याला आडवा धावत येतो, पुढे धरलेला पतंग डोक्यावरून झपकन मागे नेतो आणि चाकं जमीन सोडतात. दोन-तीन सेकंद तो हवेत असतो. मग टेकतो आणि न थांबता पुढे निघून जातो.

पाहणाऱ्याचे डोळे साहजिकच वर जातात. या खेळाची छायाचित्रंही बहुतेक उडीच्या माथ्यावरची असतात आणि चर्चा असते ती 'किती उंच' याची. पण खेळाचा इतिहास, त्याची साधनं, वाऱ्याचं गणित आणि अपघातांची कारणं एकत्र मांडून पाहिली की दुसराच प्रश्न मोठा ठरतो: तो उतरला कसा? संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या कुणालाही खेच आणि ढील हे दोन शब्द माहीत असतात. खेच पहिल्याच दिवशी जमते. ढील कधी आणि किती द्यायची हे कळायला काही संक्रांती जाव्या लागतात. माणसाला ओढणाऱ्या आणि उचलणाऱ्या पतंगाची दोनशे वर्षांची वाटचाल मला या ढिलीच्या शोधाची वाटचाल वाटते. स्केट्सवरची उडी ही त्या विद्येची सगळ्यात अवघड परीक्षा आहे.

ओढ आधी आली

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातले शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. एकामागे एक असे दोन पतंग ही गाडी ओढत, ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने. तेव्हा रस्त्यावरची जकात गाडीला जुंपलेल्या जनावरांवर ठरत असे. या गाडीला जनावरच नव्हतं, त्यामुळे नाकेवाल्यांना आकारण्याजोगं काही उरत नसे. याच पोकॉक यांनी आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगाने उंच उचललं होतं. ती सुखरूप खाली आली. पुढे तिचा एक मुलगा जगभर ओळखला गेला, तो म्हणजे क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस.

या कथेत खुर्ची आणि जकात लक्षात राहतात. मला त्यातले चार दोर महत्त्वाचे वाटतात. पोकॉक यांचा पतंग एका दोराचा नव्हता. त्याची दिशा बदलता यावी आणि वाऱ्याशी त्याचा कोन कमीजास्त करता यावा म्हणून त्यांनी चार दोर वापरले. नुसता ओढणारा पतंग गाडीला उपयोगाचा नाही, ओढ कमी करता आली पाहिजे, हे त्या मास्तरांना पहिल्याच टप्प्यावर कळलं होतं.

नंतर सॅम्युएल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. त्यांचे माणूस उचलणारे पतंग ब्रिटिश लष्करानेही टेहळणीसाठी स्वीकारले. पण तिथे मुख्य दोर जमिनीवरच्या यंत्राला पक्का बांधलेला असे आणि माणूस त्या दोराच्या आधाराने वर जाई. माणसाने पतंगामुळे हवेत जाणं नवं नाही. नवं आहे ते जमिनीला कुठेच न बांधलेल्या माणसाने स्वतःच पतंगाचा खुंटा होणं आणि स्वतःच वर जाणं. खुंटाच उचलला गेला तर पतंगाचं काय होतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कापडात भरलेला वारा

माणसाला ओढणाऱ्या आजच्या पतंगाचं, म्हणजे पॉवर काइटचं मूळ डोमिना जॅल्बर्ट यांच्या १९६४ च्या पॅराफॉइलमध्ये आहे. दोन थरांचं कापड, मध्ये शिवलेले कप्पे आणि समोरची तोंडं उघडी. वारा आत शिरला की कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. काठी नाही, बांबू नाही. पॅराग्लायडर आणि आधुनिक पॅराशूट याच कल्पनेतून आले. १९९० च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी असे पतंग जोडायच्या छोट्या तीनचाकी गाड्या बनवल्या आणि सपाट किनाऱ्यांवर बगी चालवणाऱ्यांची पिढी तयार झाली. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट घेतलं होतं. पाण्यात पडला तरी तो पुन्हा उठायचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी काइटसर्फिंग फोफावलं ते त्यातूनच.

जमिनीवर उडी मारणाऱ्यांना नळ्यांचा पतंग फारसा सोयीचा नाही. कठीण जमिनीवर आपटला की नळी फुटते, खडीवर घासला की कापड फाटतं. त्यांची पसंती कप्प्यांच्या पतंगाला. त्यात दोन घराणी आहेत. एकात कन्नी कायमची बांधलेली असते आणि हातात दोन मुठी असतात. प्रत्येक मुठीच्या वरच्या टोकाला ओढीचा दोर, खालच्या टोकाला ब्रेकचा. दुसऱ्या घराण्यात आडवा बार असतो. तो पुढे ढकलला की पतंगाचा वाऱ्याशी कोन बदलतो आणि ओढ उतरते. जाणकार याला 'डीपॉवर' म्हणतात. मला त्यासाठी 'ढील' हाच शब्द सुचतो.

पतंगाच्या आकारातही निवड करावी लागते. लांबट आणि अरुंद पतंग चांगला उचलतो आणि हवेत जास्त वेळ तरंगवत ठेवतो. पण वाऱ्याने दगा दिला तर तो चटकन मिटतो. रुंद आणि आखूड पतंग कमी उचलतो, पण चूक पोटात घालतो. शिकणाऱ्याने दुसरा घ्यावा हे सगळेच सांगतात. तरीही उडीच्या ओढीने पहिला घेतला जातो, आणि तिथेच बऱ्याच दुखापतींची सुरुवात होते.

पायांतली चाकं

रस्त्यावरच्या इनलाइन स्केटची चाकं साधारण ८० ते ११० मिलिमीटर व्यासाची आणि टणक असतात. गवतात ती रुततात, वाळूत बुडतात. म्हणून १९९० च्या दशकात दीडशे मिलिमीटरच्या आसपास व्यासाची, हवा भरलेले टायर असलेली चाकं आली. रोलरब्लेड कंपनीच्या 'कायोटी' या स्केटला अशी तीन चाकं एका रांगेत होती. पुढे दोन मोठ्या चाकांच्या मध्ये पाऊल खाली बसवणारे नमुनेही आले. चाक जितकं मोठं तितकी खळग्यांवरून जाणं सोपं. पण पाऊल चाकाच्या वर असेल तर उंची वाढते आणि घोट्यावर ताण येतो. पाऊल चाकांच्या मध्ये घेतलं तर स्थिरता येते, पण स्केट लांब होतो आणि वळायला जड जातो. टायरमधल्या हवेचंही तसंच. मऊ वाळूला कमी दाब लागतो, कडक मैदानाला जास्त. उडी मारणाऱ्याला मात्र कडक मैदानावरही दाब थोडा कमी ठेवावासा वाटतो, कारण उतरतानाचा पहिला धक्का टायर खातो.

इतर वाहनांशी तुलना केली की स्केट्सचं वेगळेपण कळतं. बगीत माणूस बसलेला असतो. ती उडून आपटली तर धक्का थेट मणक्याला बसतो. लँडबोर्डवर, म्हणजे चाकांच्या फळीवर, दोन्ही पाय एकाच फळीवर असल्यामुळे त्यांच्यातलं अंतर आणि कोन कायम राहतो. पाण्यावरच्या खेळाडूला पाणी सांभाळून घेतं. तिथल्या विक्रमी उड्या म्हणूनच पस्तीस मीटरांच्या घरात गेल्या आहेत. जमिनीवर त्या आकड्यांची स्वप्नं पाहू नयेत.

स्केटरचे दोन पाय मात्र मोकळे असतात. एक पुढे, एक मागे ठेवून तो उतरू शकतो, धक्का दोन हप्त्यांत घेऊ शकतो, चार पावलं पळून तोल सावरू शकतो. पण हेच मोकळेपण उलटतंही. एका पायाखाली दगड आला, दुसऱ्याखाली आला नाही, तर दोन पाय दोन दिशांना जातात आणि गुडघा मध्ये सापडतो. शिवाय रांगेतली चाकं पुढे सहज धावतात, आडवी अजिबात सरकत नाहीत. ही आडवी पकड उडी घेताना वरदान असते. उतरताना चाकांचं तोंड चुकलं तर तीच पकड माणसाला तोंडघशी पाडते.

वर जाणं

पतंगाची उचल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ढोबळ हिशेब असा: पाच चौरस मीटरच्या पतंगावर ताशी ३६ किलोमीटर वेगाची हवा आली तर सुमारे तीस किलो वजनाइतकी ओढ मिळते. तेवढ्याने पंचाहत्तर किलोचा माणूस उचलला जाणार नाही. पण पतंग स्थिर नसतो. तो आकाशात झपाट्याने फिरवला की त्याला लागणारी हवा ही वाऱ्याचा आणि त्याच्या स्वतःच्या वेगाचा मेळ असते. तो मेळ ताशी ७२ किलोमीटर झाला तर ओढ चौपट होते, म्हणजे एकशेवीस किलोच्या आसपास. उडीचं रहस्य एवढंच आहे. वारा तोच, पतंग तोच, फक्त पतंग धावता केला.

शिकवणारे यासाठी घड्याळाची भाषा वापरतात. वाऱ्याकडे पाठ केली की समोरच्या आकाशात एक तबकडी कल्पायची. डोक्यावर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. उजवीकडे धावणारा स्केटर पतंग एकच्या आसपास पुढे धरतो. वेग आला की तो गुडघे वाकवून, चाकांची कड जमिनीत रोवून वाऱ्याच्या विरुद्ध झुकतो. दोर ताणले जातात. मग तो पतंग बारावरून अकराकडे मागे सोडतो. आत्तापर्यंत पुढे असलेली ओढ वर येते. नेमक्या त्या क्षणी तो बार जवळ घेतो आणि पाय जमीन सोडतात.

कड लवकर सोडली तर दोर सैल पडतात आणि उडी होत नाही, माणूस फक्त वाऱ्याच्या दिशेने फरफटतो. पतंग फार मागे गेला तर शरीर पतंगाखालून झोक्यासारखं फेकलं जातं. उडीच्या बऱ्याच चुका या दोन टोकांच्या मधल्या असतात. मैदानावर एका जागी उभं राहून मारलेल्या उड्यांपेक्षा धावत घेतलेली उडी म्हणूनच नियंत्रणात ठेवायला सोपी. वेग आणि कड हातात असतील तर दोर किती ताणायचा हे स्केटर ठरवतो. उभ्या माणसाच्या बाबतीत ते वारा ठरवतो.

खाली येणं

चाकांनी जमीन सोडली त्याच क्षणी पतंगाचा खुंटा सुटलेला असतो. काटलेल्या पतंगाचं काय होतं हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. दोराचा ताण गेला की तो वाऱ्याबरोबर वाहत जातो, आणि जो वाऱ्याबरोबर वाहतो त्याला वारा लागत नाही. हवेतला स्केटर हा निम्मा काटला गेलेला पतंग असतो. त्याच्या शरीराचं वजन आणि वेग काही सेकंद दोर ताणून धरतात. तो जसजसा वाऱ्याबरोबर वाहू लागतो तसतशी पतंगाला लागणारी हवा कमी होते, उचल कमी होते आणि जमीन जवळ येते.

पतंगाची काहीच मदत झाली नाही असं समजून हिशेब करू. एक मीटर उंचीवरून पडणारा माणूस ताशी १६ किलोमीटर वेगाने जमिनीवर येतो. तीन मीटरवरून ताशी २८, पाच मीटरवरून ३६. आणि हा फक्त खालच्या दिशेचा वेग. वाऱ्याबरोबर वाहण्याचा आडवा वेग त्यात वेगळा मिळतो. म्हणून माथ्यावर पोहोचायच्या आधीच पतंग पुन्हा डोक्यावर आणायला सुरुवात करावी लागते. जमीन जवळ आली की तो पुढे, धावायच्या दिशेला झुकवायचा. त्यामुळे त्याला पुन्हा वेग येतो, शेवटच्या क्षणी थोडी उचल मिळते आणि पुढे ओढ मिळते. चाकं त्याच ओढीच्या दिशेने वळवायची, एक पाय पुढे ठेवायचा, गुडघे मऊ ठेवायचे. बार हळूहळू पुढे सोडायचा. असा उतरलेला माणूस टेकला कधी हे वाळूवरच्या रेघेवरूनच कळतं.

यात सगळ्यात अवघड काय, तर घाबरलेल्या हाताचा स्वभाव. पडताना माणूस जे हाती असेल ते घट्ट ओढतो. बार ओढून धरला तर पतंगाचा कोन वाढतो, त्याचा वेग मरतो, तो मागे ढासळतो आणि हवी ती उचल नेमकी त्याच वेळी जाते. जमिनीवर टेकल्यावर तोच ओढलेला बार माणसाला फरफटत नेतो. शरीराची सहज प्रवृत्ती आणि खेळाची गरज इथे एकमेकींच्या विरुद्ध आहेत. सराव करायचा तो या प्रवृत्तीला वळण लावण्यासाठी. अर्ध्या मीटरच्या शंभर उड्या तीन मीटरच्या एका उडीपेक्षा मोलाच्या, कारण हात ढील द्यायला त्या शंभरांत शिकतात.

वाऱ्याचं खरं रूप

अपघातांची कारणं पाहिली तर पतंग फाटल्याने झालेले थोडे आणि वारा चुकीचा वाचल्याने झालेले पुष्कळ. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा वेग जास्त महत्त्वाचा. समुद्रावरून येणारा वारा बहुधा सलग असतो. जमिनीवरचा वारा झाडं, घरं, टेकड्या यांना अडखळत येतो आणि अडथळ्याच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत गढूळ राहतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या मैदानावरून गरम हवेचे फुगे सुटतात आणि डोक्यावर शांत उभा असलेला पतंग अचानक माणसाला उचलतो. मनात नसताना झालेलं हे उड्डाण सगळ्यात घातक, कारण त्यासाठी वेग, कड, तयारी काहीच नसतं. वादळी ढग दिसले की पतंग गुंडाळायचा. विजेच्या तारांच्या आसपास तो उघडायचाच नाही.

पॅराग्लायडिंगशी होणारी गल्लत इथेच दूर केली पाहिजे. कापड सारखं दिसतं, पण पॅराग्लायडरचा पंख साधारण पंचवीस चौरस मीटरचा असतो, तो मुक्त उड्डाणासाठी तपासलेला असतो आणि वैमानिकाजवळ राखीव पॅराशूट असतं. पॉवर काइट सहसा त्याच्या निम्म्याहून लहान असतो आणि दोर ताणलेले असतील तोवरच पंख असतो. टेकडीच्या कडेवरून त्याच्या भरवशावर झेप घेणं म्हणजे काटलेल्या पतंगाला लटकणं आहे.

सुरक्षेच्या साधनांचा प्रवासही ढिलीकडेच जातो. मुठींच्या पतंगाला मनगटाचे पट्टे आले. मुठी सोडल्या की सगळा ताण ब्रेकच्या दोरांवर जातो आणि पतंग मिटून खाली बसतो. बारच्या पतंगाला एका ढकलीत सुटणारी कळ आली. २००५ च्या सुमारास आलेल्या 'बो' पतंगांनी बार पुढे ढकलताच जवळजवळ सगळी ओढ काढून टाकणं शक्य केलं. २०२० मध्ये काइटसर्फिंगच्या या सुटकेच्या कळीसाठी आंतरराष्ट्रीय मानकही निघालं, आयएसओ २१८५३. हेल्मेट, मनगट आणि गुडघ्यांची कवचं, पाठीचं संरक्षण हे तर हवंच. पण कवच पडल्यावर कामी येतं, कळ पडण्याआधी. उडी शिकण्याआधी ती कळ डोळे मिटून दाबता आली पाहिजे, आणि दर हंगामात पुन्हा दाबून पाहिली पाहिजे.

जागा

हा खेळ जिथे रुजला त्या जागा पाहिल्या तर एक गोष्ट समान आहे: वाऱ्याच्या दिशेला मोकळी जमीन. जर्मनीतल्या सांक्ट पेटर-ऑर्डिंगचा किनारा सुमारे बारा किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत रुंद आहे. डेन्मार्कचं रोमो बेट, कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरचा इव्हानपाह हा कोरडा तलाव, हीही अशीच ठिकाणं. उडी मारणारा वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्या दिशेला काय आहे यावर त्याचं नशीब ठरतं.

या कसोटीवर आपला किनारा तपासून पाहावा. ओहोटीला कोकणातल्या काही पुळणींवरची ओली वाळू इतकी घट्ट होते की त्यावर गाड्या धावतात. चाकांना ती चालेल. पण उन्हाळ्यातला दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पुळणीच्या मागे लगेच सुरूची बनं, कुंपणं, घरं असतात. म्हणजे वाऱ्याच्या दिशेला मोकळी जागा थोडी आणि त्यानंतर झाडांची भिंत. गोव्यात मोरजी-अश्वे भागात काइटसर्फिंग चालतं, पण पाण्यावर पडण्याची मुभा असलेल्या खेळाची जागा चाकांच्या उडीलाही चालेल असं समजणं धोक्याचं आहे. गर्दीचा किनारा तर दोन्हींना वर्ज्य. कायद्याचीही आठवण ठेवावी. १९३४ च्या भारतीय विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत पतंगाचाही समावेश केला होता. विमानतळाच्या आसपास मोठा पतंग उघडणं हा पोरखेळ नाही.

याचा अर्थ आपल्याकडे हे करूच नये असा नाही. लहान पतंग, सलग वारा, किनाऱ्याला समांतर वाहणारी हवा, रिकामी लांब पुळण आणि सोबत एक जाणकार, एवढं जुळलं तर पतंगाच्या ओढीवर धावण्याचा आनंद नक्की घेता येईल. उडीची पायरी त्यानंतरची.

मोजायचं काय

सगळा आढावा घेतल्यावर माझं मत असं झालं आहे की या खेळात उंची मोजायची पद्धत शिकणाऱ्याला चुकीच्या दिशेने नेते. उंची बहुतांशी वाऱ्याची असते. मोठा पतंग, जोरकस झोत आणि थोडं धाडस एवढ्यावर नवखाही तीन मीटर जाईल. खाली येणं मात्र पूर्णपणे त्याचं स्वतःचं असतं. म्हणून मोजायचं तर हे मोजावं: उतरल्यावर तो उभा राहिला का, धावण्याची दिशा कायम राहिली का, पतंग हाताशी होता का, आणि लगेच दुसरी उडी घेता आली असती का. पाण्यावरच्या खेळाडूला चूक माफ असते, म्हणून तिथे उंचीचा ध्यास परवडतो. स्केटरला जमीन माफ करत नाही. त्याची स्पर्धा स्वतःच्या घट्ट मुठीशी आहे.

पोकॉक मास्तरांनी आपल्या मुलीला पतंगाने उंच नेलं, हे आजही कौतुकाने सांगितलं जातं. तो प्रयोग यशस्वी म्हणायचा तो ती मुलगी सुखरूप खाली आली म्हणून. मास्तरांच्या गाडीच्या पतंगाला दोर चार होते, आणि ढील कुठे द्यायची हे दोर धरणाऱ्याला ठाऊक होतं.